कढीपत्त्याची माती आणि आमच्या सरांचं आतडं

सांगते, सगळं सांगते, पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी शेजारच्या वहिनी ऐकता ऐकता चहा पीत होत्या, तर असा ठसका लागला की माझी नवी चादर गेली! सोलापुरात राहून चादरीचं काय एवढं, असं म्हणू नका. डाग तो डागच.

तर माझ्या हातून एक गाढवपणा झाला. माझ्या! जिच्या हातून आजवर भाकरी करपली नाही, जिनं कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही, त्या माझ्या हातून. आणि तो घरातल्या घरात राहिला असता तर मी मेले तरी सांगितला नसता. पण तो पार पुण्याच्या लॅबपर्यंत जाऊन आला, मग आता लपवणार काय?

मी जुळे सोलापुरात राहते आणि घरी शेंगाची चटणी करून विकते. खलबत्त्यात कुटलेली! मिक्सरला मी चटणीच्या आसपास फिरकू देत नाही. मिक्सरमधून निघतो तो भुगा. कुटलं की शेंगाला तेल सुटतं, आणि तेल सुटलं की खाल्लेलं अंगाला लागतं. हे माझं शास्त्र आहे, आणि त्यावर माझ्याशी वाद घालणारा अजून जन्मायचाय.

आमचे सर, म्हणजे माझे मिस्टर, शाळेत पी.टी. शिकवतात. सगळी शाळा त्यांना सर म्हणते, म्हणून मीही सरच म्हणते. माणूस अगदी देवमाणूस. शिट्टी सोडली तर त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नाही.

तर ह्या देवमाणसाला आतड्याचं दुखणं लागलं. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं, आणि सारखं पळायला लागतं. कुठं ते सांगायला नको. पी.टी.च्या मास्तरला असलं दुखणं व्हावं का हो? पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचं, शिट्टी फुंकायची, आणि आपण उलट्या दिशेला पळायचं! पोरं हसायची. सरही त्यांच्याबरोबर हसायचे. घरी आले की मात्र भिंतीकडं बघत बसायचे. लग्नाकार्याला जाणं बंद झालं, अक्कलकोटला जाणं बंद झालं, एसटीचं तर नावच नको. मला आतून लई वाईट वाटायचं, पण मी दाखवलं नाही. मी हातपाय गाळले तर घर कोण बघणार?

सात रस्त्याजवळ पोटाच्या एक डॉक्टर मॅडम आहेत. वयानं माझ्या पोरीएवढ्या, पण बाई हुशार आणि बोलायला गोड. त्यांनी तपासलं आणि गोळ्या दिल्या. गोळी केवढी? बोटाच्या पेराएवढी!

सरांच्या घशाखाली ती जाईना.

"घ्या की गिळून!"

"अगं, अडकतेय."

"अडकते कशी? हुरड्याचे बकाणे भरता तेव्हा बरं नाही अडकत!"

"तो हुरडा असतो गं."

पाणी पिऊन झालं, मान वर करून झालं, खाली करून झालं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मी म्हणाले, आणा इकडं, मी बघते. मी एकदा 'बघते' म्हणाले की प्रश्न मिटला, हे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा.

माझ्याकडं आईचा पितळी खल आहे, छोटा. आमच्या आईच्या घरी औषध म्हणजे उगाळायचं, नाही तर कुटायचं. त्या खलात मी गोळी अशी बारीक केली की मैद्यानं मान खाली घालावी. घट्ट दह्यात कालवली, वर चवीला माझ्या चटणीची चिमूट, आणि वाटी सरांच्या हातात. सरांनी चाटून पुसून खाल्ली. रोज गॅलरीत जाऊन, कढीपत्त्याच्या कुंडीजवळ खुर्ची टाकून खायचे. हे डॉक्टरांना सांगायला पाहिजे, असं काही माझ्या डोक्यात आलं नाही. चटणीत हिंग किती घातला हे आपण गिऱ्हाइकाला सांगत बसतो का?

आता एवढं सगळं करून फरक पडायला नको? पडला नाही! महिने गेले, दुखणं जागच्या जागी.

मॅडम विचारात पडल्या. "काकू, गोळी रोज देता ना?"

"देते म्हणजे? घड्याळ चुकेल, मी चुकणार नाही."

"काका, तुम्ही घेता ना?"

"घेतो की," सर म्हणाले.

मग मॅडमनी सांगितलं, की त्यांचा पुण्याच्या एका लॅबबरोबर अभ्यास चालू आहे. दुर्बिणीतून आतड्याचा तिळाएवढा तुकडा काढायचा, बर्फात घालून पुण्याला पाठवायचा, आणि औषध त्या तुकड्यात किती उतरलंय ते मोजायचं. गोळी पोटात गेली म्हणून ती जखमेपर्यंत पोचलीच असं नसतं म्हणे.

"म्हणजे भाजीत मीठ उतरलंय का ते फोड काढून बघतात, तसंच ना?" मी विचारलं.

"अगदी तसंच, काकू!" मॅडम खूश झाल्या. मीही झाले. मोठ्या माणसांशी बोलताना मला कधी अडचण येत नाही.

तुकडा गेला पुण्याला. त्याच वेळी रक्तही गेलं. तुकड्याचा रिपोर्ट आधी आला आणि मॅडमनी आम्हाला बोलावून घेतलं. चेहरा पडलेला.

"आतड्यात औषध जवळजवळ नाहीच, काका. सोमवारी या. तोवर रक्ताचा रिपोर्ट येईल, मग ठरवू. असंच असेल तर ह्या गोळ्या थांबवून जोराची इंजेक्शनं सुरू करावी लागतील. त्यांनीही नाही थांबलं तर मग ऑपरेशनचा विचार. मोठं आतडं काढून पोटावर पिशवी लावावी लागते."

सरांनी खिशातली शिट्टी काढली, तिची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "मग मैदानावर उभं राहता येईल का हो मॅडम?" एवढंच विचारलं. मॅडम म्हणाल्या, आत्ताच तिथवर जाऊ नका. पण मला घाम फुटला.

मात्र माझं डोकं थंड होतं. स्कूटरवर मागं बसल्या बसल्या मी हिशेब मांडला. कुटणारी मी, म्हणजे कुटण्यात चूक नाही. दही माझ्या हातचं, म्हणजे दह्यात चूक नाही. वाटी मी हातात देते. तरी औषध आतड्यात नाही. मग राहिलं कोण?

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी मी विचारलं, "कुठं टाकता औषध?"

"काय?"

"वाटी! वाटीतलं दही कुठं ओतता?"

"अगं, खातो मी. तूच देतेस की हातात!"

"हातात देते. पण खाता कुठं? गॅलरीत! एकटे! पाठ करून!"

आणि तेवढ्यात माझी नजर गेली कढीपत्त्यावर. काय सांगू, माझ्या अंगावर काटा आला. ते झाड आजवर आज मरतंय की उद्या, अशा अवस्थेत होतं. चार पानं मागितली तर दोन द्यायचं. आणि आता? हिरवंगार! पानं तळहाताएवढी! जिकडं औषध जायला पाहिजे तिकडं जखमा, आणि जिकडं नको तिकडं ही तब्येत!

"बघा, बघा!" मी ओरडले. "ह्याच्या आतड्यात गेलंय सगळं!"

"झाडाला आतडं नसतं गं," सर म्हणाले. पण त्यांचा आवाज इतका बारीक होता की मला तो गुन्हेगाराचाच वाटला.

मी वळसंगला फोन लावला. तिथं अक्का असतात, सरांच्या थोरल्या बहीण. सरांना लहानपणी त्यांनीच सांभाळलं, त्यामुळं सर अजून त्यांना टरकून असतात. अक्का पहिल्या गाडीनं हजर. हातात ज्वारीच्या कण्यांची पिशवी, कपाळाला ठसठशीत विभूती, आणि दारातूनच सुरुवात.

"कुटं हाय त्यो? अय्यो शिवा, औषद कुंडीत वततूस व्हय रं? लाज न्हाय वाटत?"

"अक्का, मी खातोय गं. देवाशप्पथ."

"देवाला मदी आनू नगंस. तोंड उघड. जीब वर कर की!"

मी बॅटरी धरली. पन्नाशी उलटलेला माणूस, शंभर पोरांना रांगेत उभा करणारा, आमच्या दोघींच्या पुढं आऽऽ करून उभा! त्या दिवसापासून गॅलरी बंद. सरांनी वाटी आमच्यासमोर उभं राहून खायची. ते बिचारे सावधानमध्ये उभे राहून खायचे. खाऊन झालं की अक्का बोट घालून गाल तपासायच्या. समोरच्या फ्लॅटमधली बाई खिडकीतून बघत होती, तिला वाटलं सरांचे दात पडले.

दोन दिवसांत सर माझ्याशी बोलायचे बंद झाले. रागावून नव्हे, तो त्यांचा स्वभाव नाही. नुसतं "हं", "बरं", "चालेल". जेवताना एकदा म्हणाले, "तुला खरंच वाटतं का गं, मला बरं व्हायचं नाही?" मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. पण पुरावा समोर डोलत होता ना, तळहाताएवढ्या पानांचा! मी मन घट्ट केलं.

आणि सोमवारी दवाखान्यात जायच्या आधी मी कुंडी उकरली. वरची माती, खालची माती, मुळाजवळची माती, सगळीकडची थोडी थोडी. घ्यायचं तर नमुना नीट घ्यायचा. भरायला स्वच्छ पिशवी पाहिजे, म्हणून माझ्या चटणीचीच पिशवी घेतली. वर माझं लेबल, 'अस्सल कुटलेली, घरगुती चवीची'.

मॅडमसमोर आम्ही तिघं बसलो. मधे सर, दोन्हीकडून आम्ही दोघी, पोलीस आरोपीला आणतात तसं. मॅडम काही बोलायच्या आत मी पिशवी टेबलावर ठेवली.

"अय्या, चटणी? कशाला हो काकू, मागचीच अजून संपली नाही!" मॅडमनी पिशवी उघडली आणि बोट घालणार, तेवढ्यात थबकल्या. "हे काय आहे?"

"माती. आमच्या कढीपत्त्याची. ही पाठवा पुण्याला."

"पुण्याला?"

"आतड्यात औषध सापडलं नाही ना? ह्यात सापडेल. मोजा म्हणावं."

"ह्यो कुंडीत वततुया मॅडम," अक्कांनी जोड दिली. "लहानपनापासनं असाच हाय. दूध बी मांजराला घालायचा."

सर खाली मान घालून बसलेले. मॅडमनी पिशवी हळूच बाजूला सरकवली.

"काकू, काका औषध घेतायत. रक्ताचा रिपोर्ट आलाय. रक्तात औषध भरपूर आहे, पाहिजे त्याच्यापेक्षा जास्तच."

मी गप्प. अक्काही गप्प. आमच्या दोघींचं एकाच वेळी गप्प होणं म्हणजे काय, ते सरांनाच विचारा.

"मला वेगळंच कोडं पडलंय," मॅडम पुढं म्हणाल्या. "रक्तात एवढं आहे आणि आतड्यात का नाही? औषध वाटेतच कुठं संपतंय? आणि काकू, मला एक सांगा, एवढी मोठी गोळी कुणी मातीत टाकली तर तुम्हाला ती दिसणार नाही का?"

"दिसेल कशी?" मी म्हणाले. बाई हुशार, पण संसाराचा अनुभव नाही, असं मला वाटलं. "दह्यात कालवल्यावर दिसते का?"

"गोळी दह्यात?"

"अख्खी कशी कालवेल? कुटून!"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कुटून?"

"हो! पितळी खलात. अगदी वस्त्रगाळ!" मी सरसावून बसले. माझ्या विषयावर आलं की मला थांबवता येत नाही. "नुसती मोडून दिली तर काय उपयोग? कुटलं की त्याचा अर्क सुटतो, मॅडम. अंगाला लागतं. पहिल्या दिवसापासून मी अशीच देते. एक दिवस चुकवलेलं नाही!"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, कौतुक वाटलं त्यांना.

"काकू," त्या सावकाश म्हणाल्या, "ह्या गोळीवर मुद्दाम एक लेप दिलेला असतो. तो पोटात विरघळत नाही. गोळी अख्खी खाली मोठ्या आतड्यापर्यंत जावी आणि तिथं जाऊन फुटावी, म्हणून. तुम्ही ती कुटली की लेप गेला. सगळं औषध वरच्यावरच रक्तात शोषलं गेलं आणि लघवीवाटे बाहेर पडलं. जखमेपर्यंत काही उरलंच नाही."

"म्हणजे..." मी पदर सावरला. "म्हणजे अंगाला लागलं ना?"

"अंगाला लागलं काकू. आतड्याला नाही लागलं."

मग अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बया! आमी ह्याच्या तोंडात बॅटऱ्या मारतुया, आन चोर सैपाकघरात!"

आणि सर हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. किती महिन्यांनी! डोळे पुसत, टेबल धरून हसत होते. हसता हसताच एकदम उठले आणि पळाले, आणि आमच्या लक्षात आलं की दुखणं अजून आहे की. मला मात्र रडू फुटलं. खरंखुरं, पदर तोंडात धरून. एवढा चांगला माणूस, आतडं जायची वेळ आणली मी त्याची, आणि वर त्यालाच चोर म्हटलं!

मॅडमनी मला पाणी दिलं. "काकू, रडू नका. उलट बरं झालं. गोळी लागू पडत नाही असं नाही, तिला अजून संधीच मिळाली नाही. इंजेक्शनं सध्या थांबवू. काकांना गिळायला त्रास होतो, तर हेच औषध बारीक दाण्यांच्या पुडीत येतं. पाण्याबरोबर तोंडात टाकायचं, चावायचं नाही." मग माझ्याकडं बघून थांबल्या. "आणि दाणे म्हटल्यावर तुमचा हात खलाकडं जाईल, म्हणून आधीच सांगते. कुटायचे नाहीत!"

घरी जाताना अक्का रिक्षानं पुढं गेल्या. सात रस्त्याच्या चौकात आमची स्कूटर अडकली. मी सरांच्या पाठीमागून म्हणाले, "चुकलं माझं."

"काय म्हणालीस? गाड्यांचा आवाज आहे."

"चुकलं म्हणाले!"

"ऐकू येत नाही गं."

"चुकलं माझं!!" मी जीव खाऊन ओरडले. शेजारचा रिक्षावाला वाकून सरांना म्हणाला, "जाऊ द्या की काका, एवढं म्हणतायत तर." आरशात बघितलं तर सर गालात हसत होते. पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं त्यांना!

पुडीचे दाणे सुरू झाले. मी नुसती पाण्याचा ग्लास हातात देते आणि चार पावलं लांब उभी राहते. कढीपत्त्याचंही कळलं, सर रोज चाटलेली वाटी विसळून ते पाणी कुंडीत टाकायचे, तेच त्याच्या अंगाला लागलं होतं! हळूहळू रक्त थांबलं, पळापळ कमी झाली. मॅडमनी परत दुर्बिणीतून तुकडा काढून पुण्याला पाठवला आणि ह्या वेळी औषध आतड्यात छान उतरलेलं सापडलं. सर एसटीत बसून अक्कलकोटला जाऊन आले, आणि येताना रस्त्यात कुठंही उतरले नाहीत! शाळेतली पोरं आता तक्रार करतात, की सर हल्ली मैदान सोडतच नाहीत.

इथं मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी थांबणारी आहे का?

मॅडम म्हणाल्या, "काकू, पुण्यात आम्हा डॉक्टरांची एक बैठक आहे. तिथं ही केस सांगायची म्हणते. नाव-गाव काही घेणार नाही. फक्त तुमच्या त्या खलबत्त्याचा एक फोटो द्याल का?"

"नुसत्या खलबत्त्याचा? आणि मी?"

"तुमचा नको काकू. लोक ओळखतील."

"ओळखू देत की! मी काय घाबरते? पुण्याच्या लॅबला न सुटलेला गुंता कुणामुळं सुटला? मी माती आणली नसती तर तुम्हाला कळलं असतं का?"

मॅडमनी परत परत विचारलं, नक्की ना, नक्की ना. मी म्हटलं, नक्की म्हणजे नक्की, पाहिजे तर लिहून देते. ठेवणीतली इरकल काढली, नाकात नथ घातली, डाव्या हातात खल धरला, उजव्या हातात बत्ता उगारला आणि झकास हसले. सरांनी फोटो काढला. काढताना गालातल्या गालात हसत होते. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

बैठक झाली त्या दिवशी मॅडमनी मोबाईलवर तिथला फोटो पाठवला. एवढा मोठा हॉल, खुर्च्यांवर सगळे डॉक्टरच डॉक्टर, आणि समोर भिंतभर पडद्यावर मी! बत्त्यासकट! माझी छाती अशी फुगली म्हणता! सगळ्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला मी तो, वळसंगला अक्कांना पाठवला, चटणीच्या गिऱ्हाइकांना पाठवला. मग बघितलं तर पडद्यावर वरच्या बाजूला ठळक इंग्रजीत एक ओळ होती.

"सर, हे वर काय लिहिलंय हो?"

सरांनी चष्मा लावला, मोबाईल जवळ घेतला, आणि मराठीत करून सांगितलं, "आतड्यात औषध न पोचण्याचं कारण."

"बरं. मग कारण कुठंय?" मी म्हणाले. "खाली तर नुसता माझाच फोटो आहे की!"